तलाव जुलैत भरतो, कागद दिवाळीत हाती येतो. मग मासोळी वाढणार कधी?

पहिला दमदार पाऊस पडला की झाडीपट्टीत दोन कामांची घाई असते. एक बांधीतली, म्हणजे पऱ्हे टाकायची. दुसरी तलावातली, म्हणजे मासोळीचं बीज सोडायची. पहिल्या कामाला कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्या कामाला लागते, आणि बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते. तलाव कुणाच्या नावावर, ठेका कुणाला, मागच्या वर्षीची रक्कम भरली का, ठराव झाला का, सही कुणाची राहिली. हे सगळं मार्गी लागेपर्यंत धान निसवायला लागलेला असतो आणि तलावातलं निम्मं वर्ष निघून गेलेलं असतं.

मासोळी शेतीवर सध्या बरंच बोललं जातंय. राज्य मंत्रिमंडळाने २२ एप्रिल २०२५ रोजी मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे वीजदर, कर्ज, विमा यांत शेतीसारख्या सवलती मिळण्याची वाट मोकळी झाली. त्याआधी २०२० मध्ये केंद्राची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली. तिचा आकडा होता २०,०५० कोटी रुपये. तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमातीच्या लाभार्थ्यांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं.

योजना चांगल्या आहेत. पण कर्ज असो की अनुदान, पहिला प्रश्न एकच विचारला जातो: पाणी तुमच्या ताब्यात आहे का? स्वतःचं शेततळं असणाऱ्याला उत्तर सोपं आहे. गावतलावावर जगणाऱ्याला नाही. आणि आपल्या भागात मासोळीवर जगणारी बहुतेक घरं गावतलावावरच जगतात.

तलाव कुणाचे होते, कुणाचे झाले

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या काही भागात मिळून सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने यातले कितीतरी तलाव बांधले. पाणी धानाला आणि मासेमारी ढिवरांची, अशी वाटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आले. काही तलाव ग्रामपंचायतीचे, काही पाटबंधारे खात्याचे. शेतातल्या बोड्या मात्र खासगी.

या बदलात एक गोष्ट तुटली. पाणी सोडणारा एक झाला, ठेका देणारा दुसरा झाला, आणि मासे धरणारा तिसराच राहिला. तिघांनी एकत्र बसून ठरवायची सवय मोडली. आज गावोगाव होणाऱ्या भांडणांचं मूळ इथे आहे.

हंगामी तलावाचं खरं कॅलेंडर

आपले बरेच लहान तलाव आणि बोड्या बारमाही नाहीत. जुलैत पाणी धरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ दिसायला लागतो. कागदावर हे सात-आठ महिने दिसतात. मासोळीच्या वाढीचे महिने त्याहून बरेच कमी असतात.

कारण थंडी. कटला, रोहू, मृगळ हे मासे कोमट पाण्यातले. पाणी गार झालं की त्यांचं खाणं मंदावतं आणि वाढही मंदावते. डिसेंबर-जानेवारीत मासा जगतो, पण फारसा वाढत नाही. फेब्रुवारीत ऊन तापायला लागतं तेव्हा पाणीच उरलेलं नसतं. म्हणजे खरी वाढ होते ती जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. जेमतेम चार महिने.

आता ठेक्याचा कागद दिवाळीच्या आसपास मिळाला आणि बीज तेव्हा सोडलं, तर त्या चार महिन्यांतले तीन गेलेच. उरलेल्या दिवसांत मासा बोटाएवढ्याचा हाताएवढा होतो, तेवढ्यात तलाव आटतो. मग म्हणतात, 'या तलावात मासोळी होतच नाही.' तलावाचा यात काय दोष?

थोडा हिशेब

आकडे समजण्यापुरते धरू. तलाव दोन हेक्टरचा. हेक्टरी ५,००० बोटुकल्या सोडायची साधारण पद्धत आहे, म्हणजे १०,००० बोटुकल्या. त्यातल्या निम्म्या जगल्या आणि प्रत्येकी अर्धा किलोच्या झाल्या, तर २,५०० किलो मासा निघाला. पाळीवर किलोला १०० रुपये भाव धरला तर अडीच लाख रुपये. बीज, कोंडा-ढेप, जाळं, राखणदार यांचा खर्च काढून उरलेलं पंधरा-वीस घरांत वाटलं, तरी घरटी हाती काहीतरी पडतं. शिवाय घरच्या कालवणाची मासोळी वेगळी.

तोच तलाव, तेवढंच बीज, पण तीन महिने उशीर. मासा अर्ध्या किलोऐवजी दोनशे ग्रॅमचा. वजन निघतं १,००० किलो. लहान माशाला भावही कमी, ६० रुपये धरा. झाले ६० हजार. खर्च मात्र जवळपास तेवढाच, बीजाचा आणि राखणीचा खर्च काही कमी होत नाही. इथे संस्था तोट्यात जाते, पुढच्या वर्षीची ठेक्याची रक्कम थकते, आणि थकबाकी दाखवून तलाव लिलावात जातो. लिलावात बाहेरचा ठेकेदार बोली वाढवतो. ग्रामपंचायतीला वाटतं उत्पन्न वाढलं. पण गावातलाच मासा गावकऱ्याला विकत घ्यावा लागतो आणि ज्यांचा तो धंदा, ते त्याच तलावावर रोजीने जाळं ओढतात.

बीज: धानात पऱ्हे कोवळे, मासोळीत बीज जुनं

धानाचे पऱ्हे म्हातारे झाले की फुटवे कमी येतात, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. हंगामी तलावात मासोळीचा नियम उलटा आहे. इथे जितकं जुनं बीज, तितकं चांगलं.

मासोळीचं बीज तीन अवस्थांत मिळतं. सगळ्यात बारीक ते मत्स्यजिरे, सहा-आठ मिलिमीटरचं. पंधरा-वीस दिवस जपलं की इंचभराचं मत्स्यबीज होतं. आणखी दोन-तीन महिन्यांनी आठ-दहा सेंटिमीटरची बोटुकली होते. स्वस्त म्हणून जिरे किंवा इंचभराचं बीज थेट तलावात ओतलं, तर बहुतेक मरळ, पाणसाप आणि बगळे खाऊन टाकतात. जे वाचतं, त्याला वाढायला वेळ उरत नाही.

यावर उपाय आहे आणि तो गावातच होऊ शकतो. यंदाचं बीज एखाद्या बारमाही पाण्यात, म्हणजे विहिरीचं पाणी मिळणाऱ्या शेततळ्यात किंवा बोडीत, दाटीने ठेवायचं. खाद्य जगण्यापुरतंच द्यायचं. असं बीज वर्षभरात फारसं वाढत नाही, खुंटून राहतं. पुढच्या पावसाळ्यात मोकळ्या तलावात सोडलं की ते झपाट्याने वाढतं. मत्स्यशास्त्रात ही पद्धत चांगली रुळलेली आहे. हंगामी पाण्यासाठी तिच्यासारखी सोयीची दुसरी नाही. चार-पाच गावांच्या संस्थांनी मिळून एक बारमाही शेततळं फक्त बीजासाठी ठेवलं, तर दरवर्षी दुसऱ्या जिल्ह्यातून येणाऱ्या बीजाच्या गाडीची वाट बघावी लागणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या तलावात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणून त्यांचं बीज दरवर्षी विकत घ्यावंच लागतं, संकरित बियाण्यासारखं. मरळ, शिंगी, देशी मागूर, झिंगे हे मात्र तलावातच वाढतात आणि तिथेच पैदास करतात. त्यांना बीजाचा खर्च नाही आणि बाजारात मरळीला रोहूपेक्षा जास्त भाव मिळतो. फक्त कुणी थाई मागूर आणून देत असेल तर घेऊ नका. त्याच्या संवर्धनावर देशात बंदी आहे आणि तो तलावातली बाकी मासोळी फस्त करतो.

आटण्याचाही फायदा असतो

तलाव आटतो म्हणून रडायचं कारण नाही. बारमाही तलावात बीज सोडण्याआधी खाऊ मासे काढण्यासाठी मोहाची पेंड टाकावी लागते. त्याचा खर्च येतो, आणि पाणी काही दिवस जनावरांसाठीही बंद ठेवावं लागतं. आटणाऱ्या तलावात हे काम ऊनच करतं. तळ तापला, भेगा पडल्या की गाळातलं खत मोकळं होतं. पहिल्या पावसाबरोबर गुरांच्या वाटेवरचं शेण वाहून येतं आणि पाणी हिरवट होतं. ते हिरवट पाणी म्हणजे कटल्याचं आणि रोहूचं अन्न. वरून राइस मिलचा कोंडा आणि ढेप दिली की झालं. धानाच्या पट्ट्यात कोंड्याला तोटा नाही.

अडचण येते ती खोलीकरणात. गाळ काढायच्या कामांत जेसीबीने तलाव सरसकट एकसारखा खरवडला, की काठचा उथळ भाग जातो. त्याच उथळ पाण्यातल्या वनस्पतींत देशी मासे अंडी घालतात. मग तिथे बेशरम माजते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या महिलांच्या गटांनी बेशरम उपटून तलावात देशी पाणवनस्पती लावायचं काम केलं आहे, ते बघण्यासारखं आहे. गाळ काढायचाच तर तलावाच्या एका बाजूला खोल डोह करावा आणि काठ राखावा. पाणी उतरल्यावर मासा त्या डोहात महिनाभर जास्त टिकतो. विक्रीच्या दृष्टीने तो महिना मोलाचा असतो.

पाणी धानाला की मासोळीला?

सगळ्यात मोठं भांडण इथे होतं. ऑक्टोबरात धान निसवत असतो, पावसाने दडी मारलेली असते आणि शेतकऱ्याला शेवटचं पाणी हवं असतं. त्याला ते मिळालंच पाहिजे, तलाव त्यासाठीच बांधले. पण पाट उघडला आणि नंतर कुणी बंदच केला नाही, तर मासोळी उघडी पडते. उन्हाळी धान लावणाऱ्यांनी मोटारी टाकल्या, तर आणखी लवकर.

मासोळीला निदान मीटरभर पाणी हवं. तेव्हा पावसाळ्याआधीच ठरवून पाळीला किंवा सांडव्याच्या भिंतीला रंगाची खूण करावी. खरिपाचं शेवटचं पाणी पहिलं, यावर वाद नको. त्यानंतर पाणी खुणेपर्यंत आलं की पाट बंद, मोटार बंद. ही गोष्ट तोंडी ठेवू नये. ग्रामसभेच्या ठरावात लिहावी आणि पाणी सोडणाऱ्या खात्यालाही त्याची प्रत द्यावी.

दुसरा मुद्दा फवारणीचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात तुडतुडा आला की बांध्यांत कीटकनाशक फवारलं जातं. काही औषधं, विशेषतः पायरेथ्रॉइड गटातली, माशाला फार विषारी असतात. फवारणीनंतर बांधीचं पाणी तलावाकडे सोडलं किंवा पंप तलावातच धुतला, तर सकाळी मासे पालथे तरंगताना दिसतात. मग 'कुणीतरी विष टाकलं' म्हणून गावात संशय पसरतो. तलावाच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी फवारणीनंतर काही दिवस बांधी बंद ठेवायची आणि पंप तलावात धुवायचा नाही, एवढे दोन नियम पाळले तरी बरीच मासोळी वाचते.

आभाळ भरलेल्या दिवशी पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले, तर ते विष नसतं, पाण्यात हवा कमी पडलेली असते. त्या दिवशी खाद्य बंद करावं, पाणी ढवळावं, जमल्यास ताजं पाणी सोडावं.

'सामुदायिक' म्हणजे कुणाचं?

हा शब्द सगळ्या योजनांत असतो. पण गावात त्याचा अर्थ नीट ठरवला नाही, तर दुबळ्याचंच नुकसान होतं. नवा बचत गट तयार झाला, त्यात शेती असलेली घरं आली, तलाव गटाला मिळाला आणि पिढ्यान् पिढ्या जाळं टाकणारी भूमिहीन ढिवर घरं बाहेर राहिली, तर त्याला सामुदायिक म्हणायचं का? ढिवर, केवट, ढिमर या भटक्या जमातींच्या यादीतल्या जाती आहेत. बहुतेकांकडे बांधी नाही. तलाव गेला की त्यांच्याकडे मजुरी उरते.

उलट बाजूही आहे. काही संस्था कागदावरच असतात. सभासद यादीत नावं खूप, पण ठेका परस्पर बाहेरच्या व्यापाऱ्याला दिलेला. अशा संस्थेला जात पुढे करून गावाच्या प्रश्नांपासून लपता येऊ नये. हिशेब वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे.

बायाबापड्या काठावर छोट्या जाळीने कालवणापुरती मासोळी आणि झिंगे धरतात, तो हक्कही जपायला हवा. ठेका झाला की पहिली बंदी त्यांच्यावर येते. शिंगाडा लावणाऱ्यांचंही तसंच. तलावात ग्रास कार्प सोडला तर तो पाल्यावर जगतो, शिंगाड्याची वेलही सोडत नाही. दोन्ही एकाच तलावात हवं असेल तर ग्रास कार्प टाळावा.

कायद्याचा आधारही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये पाणसाठ्यांतल्या माशांवरचा सामुदायिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतींकडे दिलं आहे. खासगी पाण्यातल्या मासेमारीच्या जुन्या गावप्रथा वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदवलेल्या असू शकतात. तलावाच्या सातबाऱ्यासोबत तेही कागद काढून बघावेत. लिलावाची नोटीस लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे आधी केलेलं बरं.

विकायची घाई नको

मार्चमध्ये सगळेच तलाव एकदम आटतात आणि सगळ्यांची मासोळी एकदम बाजारात येते. त्याच बाजारात आंध्रातून बर्फात भरलेला रोहू-कटला रोज येत असतो. व्यापारी मागेल त्या भावात माल जातो. त्यापेक्षा डिसेंबरपासून मोठे मासे आठवड्याला थोडे थोडे काढावेत. आठवडी बाजाराच्या दिवशी, पाळीवरच, जिवंत विकावेत. ताज्या मासोळीला गिऱ्हाईक चार पैसे जास्त देतं. शिवाय मोठे मासे निघाले की मागच्यांना जागा आणि अन्न मिळून तेही वाढतात.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

१) आपल्या गावातले तलाव कुणाच्या नावावर आहेत आणि मासोळीचा ठेका कोण देतं?
२) सध्याचा ठेका कधी संपतो? नवा कागद जूनअखेर हाती येईल का?
३) संस्थेत खरोखर जाळं टाकणारी किती घरं आहेत? थकबाकी किती, आणि ती कशामुळे?
४) मासोळीसाठी राखायच्या पाण्याची खूण कुठे करायची? पाट बंद करायची जबाबदारी कुणाची?
५) बीज कुठून येणार, केवढं येणार, कोणत्या तारखेला येणार?
६) गाळ काढताना काठ राखायचा आणि डोह कुठे करायचा?
७) कालवणापुरती मासोळी धरायची मुभा ठरावात लिहिली आहे का?

हे प्रश्न १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विचारले तर यंदाचा हंगाम गेलेला असेल. तेव्हा तलावात बीज पोहायला हवं. विचारायची वेळ १ मेची. मधले दोन महिने कागदासाठी पुरतात, खात्याने मनावर घेतलं तर. ठेक्याच्या रकमेत एक पैसा न वाढवता, एक नवी योजना न आणता, फक्त कागद जूनमध्ये दिला तरी झाडीपट्टीतल्या कित्येक तलावांतली मासोळी दुप्पट वजनाची होऊ शकते. पऱ्हे टाकायच्या आधी शेतकऱ्याच्या घरात बियाणं असतं. ढिवराच्या हातात तेव्हाच तलावाचा कागद असावा, एवढीच ही मागणी.